मेंदूतला मुकादम

डोक्यातून पहार आरपार गेली, तरी माणूस जगला! पण मग त्याचे मित्र 'हा तो नव्हेच' असं का म्हणू लागले? पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका अपघाताची ही खरीखुरी गोष्ट.

धडाम्!

१३ सप्टेंबर १८४८. दुपारचे साडेचार वाजले होते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश नावाचं एक छोटंसं गाव आहे. त्या गावाजवळ रेल्वेचा नवा मार्ग टाकण्याचं काम जोरात चाललं होतं. वाटेत खडकच खडक! ते फोडल्याशिवाय रूळ टाकणार कसे? मग सुरुंग लावायचे, खडक उडवायचे आणि पुढे सरकायचं.

हे काम करणाऱ्या टोळीचा मुकादम होता फिनिअस गेज. वय अवघं पंचवीस. अंगानं मजबूत, कामाला वाघ आणि डोक्यानं शांत.

सुरुंग लावणं म्हणजे जोखमीचं काम, बरं का! आधी खडकात खोल भोक पाडायचं. त्यात सुरुंगाची दारू भरायची, वात सोडायची. वर वाळू घालायची आणि मग लोखंडी पहारीनं ते सगळं ठासायचं. वाळू कशासाठी? तर स्फोटाचा जोर भोकातून वर न येता खडकात जावा म्हणून. शिवाय पहार थेट दारूला लागू नये म्हणूनही. गेजनं या कामासाठी जवळच्या एका लोहाराकडून खास स्वतःच्या पसंतीची पहार घडवून घेतली होती. साडेतीन फुटांहून थोडी लांब, सव्वा इंच जाड आणि वजनाला सहा किलो. एका टोकाकडे ती निमुळती होत गेलेली, अगदी भाल्यासारखी.

त्या दुपारी काय झालं? मागे काम करणाऱ्या माणसांकडे पाहायला गेजनं मान वळवली. तेवढ्यात पहार खडकावर घासली, ठिणगी उडाली आणि धडाम्! दारू पेटली. भोकातली पहार बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. गेजच्या डाव्या गालातून आत शिरली, डाव्या डोळ्याच्या मागून वर गेली आणि कवटीचा वरचा भाग फोडून बाहेर पडली. जवळजवळ ऐंशी फुटांवर जाऊन ती आदळली.

गेज उताणा कोसळला. माणसं धावली. आता हा कसला वाचतोय! पण काही मिनिटांतच गेज चक्क बोलू लागला. आधार घेऊन चालला. बैलगाडीत ताठ बसून, पाऊण मैलावर जिथं तो उतरला होता त्या हॉटेलपर्यंत आला. पहिले डॉक्टर पोहोचले तेव्हा स्वारी बाहेर खुर्चीत बसली होती. 'डॉक्टर, तुमच्यासाठी इथं भरपूर काम आहे,' अशा अर्थाचं काहीतरी त्यानंच डॉक्टरांना ऐकवलं!

शवपेटी तयार होती, पण...

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुसरे डॉक्टर आले. जॉन मार्टिन हार्लो. गावाकडे दवाखाना चालवणारे साधे डॉक्टर. तेसुद्धा तरुणच, तिशीही न गाठलेले. पुढची सगळी जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली.

तो काळ कसा होता, तेही लक्षात घ्या. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून सत्तेचाळीस वर्षं होती. जखमेत पू होतो तो जंतूंमुळे, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. प्रतिजैविक औषधं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हती. हार्लोंकडे होते दोन हात, स्वच्छ पट्ट्या आणि चिकाटी. त्यांनी हाडाचे सुटे तुकडे काढून टाकले, मोठे तुकडे जागेवर बसवले आणि घाण बाहेर वाहून जावी म्हणून जखमेला वाट ठेवली.

थोड्याच दिवसांत जखम चिघळली. गेज अर्धवट बेशुद्धीत गेला. घरच्यांनी आशा सोडली. शवपेटी आणि अंगावर घालायचे कपडेही तयार ठेवले! पण हार्लोंनी आत साठलेला पू मोकळा केला आणि ताप हळूहळू उतरला. अडीच महिन्यांच्या आत गेज आपल्या आईवडिलांच्या घरी परतला. डाव्या डोळ्याची नजर तेवढी गेली. मी फक्त मलमपट्टी केली, बरं देवानं केलं, असं हार्लो नंतर नम्रपणे म्हणाले.

मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांचा तर यावर विश्वासच बसेना. खेड्यातला डॉक्टर थापा मारतोय, असंच अनेकांना वाटलं. शेवटी हार्वर्डच्या डॉ. हेन्री बिगेलो यांनी गेजला बॉस्टनला बोलावून घेतलं. आठवडे न् आठवडे तपासलं आणि १८५० साली जाहीर केलं, की ही हकीकत खरी आहे.

इथं गोष्ट संपली असती, तर आज गेजचं नाव कुणाला आठवलंही नसतं. 'बापरे, नशीबवान माणूस!' म्हणून आपण पान उलटलं असतं. पण खरी गोष्ट इथून पुढेच सुरू होते.

हा तो गेज नव्हेच!

अपघाताआधीचा गेज कसा होता? काम वेळेवर, हिशेब चोख, एकदा ठरवलं की तडीला नेणारा. त्याच्यासारखा मुकादम नाही, असं त्याचे मालक म्हणायचे.

बरा झाल्यावर तो पुन्हा कामावर गेला. चालत होता, बोलत होता, जुन्या सगळ्या गोष्टी त्याला आठवत होत्या. अंगात ताकदही आली होती. तरी मालकांनी त्याला त्याची जुनी जागा परत दिली नाही. का?

कारण गेज बदलला होता. आता तो चटकन चिडायचा. पूर्वी कधी न दिलेल्या शिव्या तोंडात यायच्या. मनाविरुद्ध कुणी सल्ला दिला की खपायचा नाही. कधी हट्टाला पेटायचा, तर कधी मिनिटामिनिटाला मत बदलायचा. पुढचे मोठमोठे बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा. पैशांचा अंदाजही बिघडला होता. नदीच्या जुन्या पात्रातून उचललेले काही गोटे त्याच्याकडे होते. हजार डॉलर दिले तरी ते विकणार नाही, असं तो म्हणायचा! त्या काळी हजार डॉलर म्हणजे केवढी रक्कम! त्याला ओळखणारे लोक म्हणू लागले, हा आपला गेज राहिला नाही.

आता कल्पना करा. गेजच्या चेहऱ्यावर जखमेची खूण होती. पण ती नसती तर? लोकांनी काय म्हटलं असतं? 'माजलाय', 'बिघडलाय', 'संगत वाईट लागली', नाहीतर 'कुणीतरी काहीतरी केलंय'. आपल्याकडेही अशी वाक्यं कानांवर येतातच ना? हार्लोंनी मात्र वेगळा विचार केला. हा माणूस वाईट झालेला नाही, याच्या मेंदूचा एक भाग गेलाय आणि त्याच्याबरोबर याच्या स्वभावाचाही एक भाग गेलाय, असं त्यांना दिसलं. वागणूकही मेंदूतूनच येते, हा विचार त्या काळी फार धाडसी होता.

कपाळावर हात ठेवा

जरा तुमच्या कपाळावर हात ठेवा पाहू. त्या हाडाच्या मागे आहे मेंदूचा पुढचा भाग. शास्त्रज्ञ त्याला फ्रंटल लोब म्हणतात. गेजच्या डोक्यातली पहार डाव्या बाजूच्या याच भागातून गेली.

आपल्या मेंदूचं वजन साधारण एक किलो तीनशे ते चारशे ग्रॅम. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. पाहणं, ऐकणं, हात हलवणं, आठवणी जपणं अशी त्यांची अनेक खाती. पण एवढ्या मोठ्या कारखान्यात कुणीतरी मुकादम हवा ना! आधी काय करायचं, कुठं थांबायचं, कशाला नाही म्हणायचं, हे सांगणारा. कपाळामागचा हा भाग बराचसा तेच काम करतो.

एक उदाहरण घ्या. उद्या गणिताचा पेपर आहे आणि खालून मित्रांची हाक येते, 'चल रे, एक ओव्हर!' पाय आपोआप दाराकडे वळतात. तेवढ्यात आतून कुणीतरी म्हणतं, 'थांब. उदाहरणसंग्रह संपवू, मग जाऊ.' हा आवाज मुकादमाचा. भांडणात तोंडावर आलेली शिवी गिळायला लावतो तोही मुकादमच. आपण असं बोललो तर समोरच्याला काय वाटेल, हे आधीच दाखवतो तोही तोच.

आणि गंमत अशी, की मेंदूचा हा भाग सगळ्यांत उशिरा पिकतो. विशीच्या मध्यापर्यंत त्याची बांधणी चालूच असते. म्हणून तर तेराव्या-चौदाव्या वर्षी राग पटकन येतो आणि नको ते धाडस करावंसं वाटतं. पण 'आई, माझा मुकादम अजून कच्चा आहे' असं सांगून सुटका होणार नाही हं! मुकादम सरावानंच तयार होतो.

गेजचा मुकादम मात्र एका क्षणात जखमी झाला होता. कारखाना चालू, यंत्रं शाबूत, पण शिट्टी वाजवणारा जागेवर नाही. त्याची स्मरणशक्ती उत्तम आणि तरी वागणं विस्कटलेलं, याचं उत्तर इथं आहे.

कवटीनं सांगितलेली हकीकत

त्या काळी शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद चालला होता. काही जण म्हणत, सगळा मेंदू मिळून एकच काम करतो. काही म्हणत, छे, प्रत्येक कामाची जागा ठरलेली आहे. १८६१ साली फ्रान्समधल्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक पुरावा पुढे आणला. त्यांच्या एका रुग्णाला दुसऱ्याचं बोलणं समजायचं, पण स्वतःला 'टॅन' एवढाच शब्द बोलता यायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. बोलण्याच्या कामाची एक जागा अशी हाती लागली!

इकडे हार्लो गेजला विसरले नव्हते. त्याचा पत्ता बरीच वर्षं लागत नव्हता. १८६६ साली त्याच्या आईशी पत्रव्यवहार जुळला, तेव्हा कळलं की गेज आता या जगात नाही. हार्लोंनी घरच्यांना विनंती केली, की विज्ञानासाठी त्याची कवटी द्याल का? दुःखात असलेल्या माणसांना असं विचारणं किती अवघड! पण त्यांनी होकार दिला. कवटी आणि ती पहार हार्लोंकडे आली. १८६८ साली त्यांनी सगळी हकीकत डॉक्टरांच्या सभेत मांडली. आज या दोन्ही वस्तू हार्वर्डच्या वॉरन शरीरशास्त्र संग्रहालयात आहेत.

गेजचा मेंदू मात्र कुणीच जपून ठेवला नव्हता. मग पहारीनं नेमकं काय तोडलं, हे कळणार कसं? इथं संगणक धावून आला. १९९४ साली हॅना डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटीची मोजमापं घेऊन पहारीचा मार्ग संगणकावर रेखाटला. त्यांच्याकडे मेंदूच्या त्याच भागाला इजा झालेले आजचे रुग्णही होते. त्यांची बुद्धी चाचण्यांत उत्तम ठरायची, पण रोजचे साधे निर्णय घेताना गाडी अडायची. गेजसारखंच!

पुढे २००४ साली कवटीची सीटी स्कॅन चित्रं वापरून हा मार्ग आणखी नीट तपासला गेला. इजा डाव्याच बाजूला झाली होती, असं त्यातून दिसलं. २०१२ साली तिसऱ्या एका गटानं मेंदूतल्या 'तारां'चा हिशेब केला. मेंदूच्या वरच्या थरात विचाराचं काम करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तारा खालून जातात. पहारीनं वरच्या थराचा अंदाजे ४ टक्के भाग गेला, पण तारांचा मात्र सुमारे ११ टक्के! म्हणजे मुकादमाची खोली तर पडलीच, पण तिथून दुसऱ्या खात्यांना जाणाऱ्या टेलिफोनच्या तारासुद्धा तुटल्या. मेंदूत एखाद्या कामाची जागा जितकी महत्त्वाची, तितकेच तिला जोडणारे रस्तेही, हे आता शास्त्रज्ञ मानतात.

पुस्तकांनी गाळलेलं पान

गेजची गोष्ट जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. आणि कसं होतं ना, तोंडोतोंडी गेलेली गोष्ट फुगत जाते. कुणी लिहिलं, तो दारुडा झाला. कुणी लिहिलं, तो मारामाऱ्या करत भटकला आणि शेवटपर्यंत धड एक काम करू शकला नाही. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी मात्र जुने कागद खणून काढायचं ठरवलं. वर्षानुवर्षं शोध घेऊन २००० साली त्यांनी गेजवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. तेव्हा लक्षात आलं, की गेजच्या बदललेल्या स्वभावाबद्दल हार्लोंनी लिहिलेला मजकूर जेमतेम दोन-तीनशे शब्दांचा आहे. बाकीचा बराच मसाला नंतरच्या लोकांनी घातलेला!

मग गेजनं खरोखर काय केलं? काही काळ तो आपली पहार घेऊन लोकांसमोर उभा राहिला. न्यूयॉर्कमधल्या बार्नमच्या प्रसिद्ध संग्रहालयातही गेला. मग न्यू हॅम्पशर राज्यात घोड्यांच्या एका तबेल्यात दीड वर्ष नोकरी केली. आणि १८५२ साली तो थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला. तिथं वाल्पाराइसो ते सँटिआगो या रस्त्यावर त्यानं घोडागाडी हाकली. एक-दोन वर्षं नव्हे, जवळजवळ सात वर्षं!

घोडागाडी म्हणजे आपला टांगा समजू नका. माणसांनी आणि सामानानं खचाखच भरलेली मोठी गाडी, पुढे सहा घोडे. पहाटे उठायचं, घोड्यांची निगा राखायची, गाडी भरायची, प्रवाशांशी बोलायचं, परक्या देशातल्या खडबडीत रस्त्यावर सहा घोड्यांचे लगाम सांभाळायचे आणि वेळेवर पोहोचायचं. ज्याचा मुकादम पार मेलाय, त्याला हे जमेल का? १८५८ साली चिलीत त्याला भेटलेल्या एका डॉक्टरनं तर म्हटलं होतं, की गेजची तब्येत चांगली आहे आणि बुद्धीत काही उणेपणा दिसत नाही.

हे कसं घडलं असेल? मॅकमिलन आणि त्यांचे सहकारी म्हणतात, रोजच्या ठरलेल्या कामानं त्याला सावरलं असावं. तेच घोडे, तोच रस्ता, एकामागून एक ठरलेल्या पायऱ्या. आतला मुकादम अधू झाला होता, तेव्हा बाहेरच्या वेळापत्रकानं त्याची शिट्टी वाजवली. आणि हळूहळू मेंदूनंही उरलेल्या रस्त्यांवरून काम चालवायला शिकून घेतलं असेल.

घरी त्याचा आणखी एक चेहरा होता. त्याला मुलं, घोडे आणि कुत्री फार आवडायची. भाचरांना तो आपल्या साहसांच्या खऱ्याखोट्या गोष्टी रंगवून रंगवून सांगायचा, असं त्याच्या आईनं हार्लोंना कळवलं होतं. आणि ती पहार? ती तर त्याच्या जन्माची सोबतीण झाली होती. २००९ साली गेजचा एक जुना फोटो ओळखला गेला आणि जगानं त्याला पहिल्यांदा पाहिलं. नीटनेटका कोट, मिटलेला डावा डोळा, ताठ मान आणि हातात तीच पहार. पाहताना कुणाला कीव येणार नाही, असा रुबाब!

१८५९ साली तब्येत ढासळली, म्हणून गेज सॅन फ्रान्सिस्कोला आई आणि बहिणीकडे गेला. तिथं शेतांवर काम धरलं. १८६० च्या फेब्रुवारीत त्याला झटके येऊ लागले. मेंदूला जबर इजा झाली की पुढे कित्येक वर्षांनीही असे झटके सुरू होऊ शकतात. आज त्यावर चांगली औषधं आहेत, तेव्हा नव्हती. २१ मे १८६० रोजी, छत्तिसाव्या वर्षी, गेज गेला.

आपल्या वर्गातला गेज

पहारीचा अपघात लाखात एखादा. पण मोटारसायकल घसरणं, झाडावरून किंवा गच्चीवरून पडणं, मैदानावर डोकं आपटणं, हे आपल्या आजूबाजूला नेहमीच घडतं. मेंदू ताज्या खरवसासारखा मऊ असतो आणि कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात आपटून एकदम थांबलं, की आतला मेंदू पुढे जाऊन कवटीवर आदळतो. कपाळामागे कवटीची आतली बाजू खडबडीत आहे. त्यामुळे आपला मुकादम पुष्कळदा तिथंच खरचटतो. बाहेर टेंगूळसुद्धा नसतं, बरं का!

करून पाहायचंय? प्लॅस्टिकच्या एका डब्यात पाणी भरून त्यात एक पिकलेला टोमॅटो टाका. झाकण घट्ट लावा आणि डबा जोरजोरात हलवून एकदम थांबवा. असं दहा-बारा वेळा करा. डब्याला काही होणार नाही. टोमॅटोची काय दशा झाली, ते पाहा.

समजा, तुमच्या वर्गातला एक मुलगा अपघातानंतर तीन महिन्यांनी शाळेत आला. दिसायला पहिल्यासारखाच. पण आता तो वही विसरतो, मधल्या सुट्टीच्या गोंगाटात चिडतो, लहानशा गोष्टीवरून रडतो, तासाला डोळे मिटतो. बाई म्हणतात आळशी, मुलं म्हणतात सायको. खरं तर त्याचा मेंदू दुखऱ्या पायासारखा लंगडत असतो. पायाला प्लॅस्टर असतं, म्हणून आपण त्याचं दप्तर उचलतो. मेंदूचं प्लॅस्टर दिसत नाही, एवढाच फरक. मोठ्या इजेनंतर उदासी, भीती, झोप न येणं हेही पुष्कळांच्या वाट्याला येतं. ते आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. आपल्या देशात २०१७ साली झालेल्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं असे उपचार सन्मानानं मिळण्याचा हक्कच दिला आहे.

मग मित्र म्हणून आपण काय करायचं? गेजची घोडागाडी आठवा. त्याला ठरलेला क्रम हवा. उद्याच्या तासांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा. तो चिडला तर उलट चिडू नका, थोडा वेळ शांत जागी बसू द्या. रुग्णालयांत मेंदूच्या इजेनंतर काम करणारे तज्ज्ञ नेमकं हेच शिकवतात. मोठ्या कामाचे लहान तुकडे करायचे, डायरी आणि गजर वापरायचे, एकेक पायरी पुन्हा पुन्हा करायची. पण एक सांभाळा हं. कुणी चिडकं दिसलं की 'याच्या मेंदूला मार लागलाय' असं ठरवून मोकळं होऊ नका. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

बेंगळुरूला सहल निघाली, तर निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या मोठ्या संस्थेतलं मेंदूंचं संग्रहालय जरूर पाहा. अपघातात आणि आजारांत इजा झालेले खरे मेंदू तिथं जपून ठेवले आहेत. जतन केलेला मानवी मेंदू पाहुण्यांना हातातही धरायला मिळतो. आपलं हसणं, रुसणं, शहाणपण सगळं एवढ्याशा ओंजळभर गोळ्यात मावतं, हे तेव्हा पटतं.

डोक्याला मार लागला तर...

• खेळ लगेच थांबवा. 'काही नाही, बरा आहे मी' म्हणत त्या दिवशी परत मैदानात उतरू नका. मोठ्या माणसांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.

• पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, बेशुद्धी, जागं न होणारी झोप, अडखळतं बोलणं, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

• उंचावरून पडलेल्या माणसाची मान हलवू नका, बसवायची घाई करू नका.

• झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा आणि झटका थांबला की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा डोक्याला मार लागल्यावर आला, तर रुग्णवाहिका बोलवा.

• पहिले एक-दोन दिवस विश्रांती. मग अभ्यास आणि खेळ डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरू करा.

• मन फार उदास राहत असेल, तर घरी किंवा शाळेत विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

• मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानं ते सक्तीचं आहे. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपतो आणि मेंदूचा धक्का कमी करतो. म्हणून हनुवटीखालचा पट्टा बांधा आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.

गेजकडे हेल्मेट नव्हतं. त्याला समजून घेणारा एक डॉक्टर मात्र होता, आणि पुढे त्याच्या हाती लगाम देणारी माणसंही भेटली. तेव्हा दोस्तांनो, आजच घरातलं हेल्मेट काढून पाहा, पट्टा नीट लागतो ना. आणि वर्गात कुणी अचानक बदललेलं दिसलं, तर चिडवण्याआधी एकदा जवळ जाऊन विचारा, 'काय रे, बरा आहेस ना?'